ट्रॅक्टरला अनुदान मिळालं, ग्रीसगन कोण उचलणार? दहा-वीस रुपयांच्या निपलपायी ऐन सुगीत मशीन उभी

साखरा (ता. सेनगाव) : दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. साखरा परिसरात सध्या सोयाबीन काढणी-मळणीची एकच घाई आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं बरंच पीक खराब केलं. जे हाती लागलं त्याची गंजी लावून लोक मळणी यंत्राची, म्हणजे आपल्या हडंब्याची वाट बघत बसलेत. आभाळ आलं की ताडपत्री टाकायची, ऊन पडलं की काढायची. अशात मशीन रानात येते, दोन तास चालते आणि बंद पडते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "क्रॉस गेला", नाहीतर "बेरिंग गेली".

क्रॉस का गेला, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा त्याचं कारण बोटाच्या पेराएवढं असतं. ते म्हणजे बुजलेलं ग्रीस निपल.

माझंच सांगतो. मागच्या सुगीत माझ्या गंजीवर मशीन लागली आणि दुपारी पीटीओ शाफ्टचा क्रॉस तुटला. गाव लांब, मिस्त्री दुसऱ्या गावाला गेलेला. सामान येईपर्यंत अंधार पडला. रात्री सर आली आणि ताडपत्रीच्या कडेचं सोयाबीन भिजलं. दुसऱ्या दिवशी जुना क्रॉस फोडून बघितला तर आत ग्रीसचा थेंब नाही, नुसता तांबडा गंज. बाहेरून मात्र निपलच्या भोवती ग्रीसचा लगदा चिकटलेला होता. ऑपरेटर रोज गन लावत होता, मीही बघत होतो. ग्रीस आत जातच नव्हतं, बाजूनं निघून खाली पडत होतं. लगदा दिसला म्हणून आम्ही दोघंही समजलो की ग्रीसिंग झालं. चूक माझीही होती.

यंत्रं वाढली, पण देखभालीचं काय?

केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 ला सुरू झालं. महाडीबीटीवर अर्ज करून आपल्या भागात ट्रॅक्टर, रोटावेटर, मळणी यंत्रं आली. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत अनुदान आहे. पोकरा योजनेच्या पहिल्या टप्प्यात हिंगोली जिल्हा होता. त्यातून गटांच्या अवजार बँका उभ्या राहिल्या.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही उतरला. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्रावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवरचा 18 वरून 5 टक्के. सहा लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरवर आधी 72 हजार कर लागायचा, आता 30 हजार लागेल. म्हणजे 42 हजार वाचले. चांगली गोष्ट आहे, तक्रार नाही.

पण योजनेचा कागद बघा. पूर्वसंमती, कोटेशन, बिल, मग मोका तपासणी. मशीन घरापुढं उभी आहे का, नंबर जुळतो का, मालक शेजारी उभा राहून फोटो निघाला का, एवढं झालं की फाईल पुढं सरकते. मशीनला ग्रीसची तोंडं किती, ती कुठं आहेत, घेणाऱ्याला गन चालवता येते का, हे त्या फाईलीत कुठंच येत नाही. विकणारा चावी देताना पेढा देतो आणि सोबत पुस्तक देतो. ते पुस्तक कपाटात जातं.

बैलगाडीच्या काळात असं नव्हतं. गाडीच्या दांडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा, वंगण घालायचा आणि मगच पुढं जायचा. आता इंजिनच्या आवाजात बेरिंगचं कुरकुरणं ऐकूच येत नाही. ऐकू येतं तेव्हा वेळ गेलेली असते.

ग्रीसिंगला थांबायला कुणालाच परवडत नाही

खरी अडचण माणसांच्या हिशोबात आहे. आपल्याकडं बहुतेक लोक मशीन भाड्यानं लावतात. भाडं पोत्यावर, नाहीतर क्विंटलवर. ऑपरेटरची रोजीही पुष्कळदा पोत्यावरच ठरलेली. त्यानं पंधरा मिनिटं ग्रीसिंगला मशीन थांबवली तर त्याचं तेवढं नुकसान. ज्याची गंजी आहे तो आभाळाकडं बघून म्हणतो, "चालू दे भाऊ, आधी माझं होऊ दे." मालक गावात नाहीतर दुसऱ्या रानात. त्याला संध्याकाळी फक्त पोत्यांचा आकडा कळतो.

तिघांपैकी थांबायची गरज कुणालाच वाटत नाही. नुकसान होतं ते चौथ्याचं, ज्याचा नंबर त्यानंतर असतो. क्रॉस त्याच्या गंजीवर तुटतो. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली चालला होता. त्यात भिजून दाणा डागी झाला की व्यापारी आणखी पाडून मागतो. हे सगळं दहा-वीस रुपयांच्या निपलवरून.

अवजार बँकेतही तीच गत. मशीन सगळ्यांची म्हणून ग्रीसगन कुणाचीच नाही.

निपल बुजतं कसं?

ग्रीस निपल म्हणजे एक छोटी झडप. तोंडाशी बारीक छर्रा, त्याच्या मागं स्प्रिंग. गनचा दाब आला की छर्रा आत सरकतो, ग्रीस जातं. दाब गेला की छर्रा परत तोंड बंद करतो. ही युक्ती शंभर वर्षांच्या आसपास जुनी आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांना अमेरिकेत 1929 मध्ये या निपलचं पेटंट मिळालं. तिकडं आजही निपलला झर्कच म्हणतात. शंभर वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही, कारण पुसून वापरलं तर ते बिघडत नाही.

आपल्याकडं ते बुजायची कारणं चार.

पहिलं, आपली काळी चिकट माती. यंदासारखा पाऊस झाला की रोटावेटर चिखलात चालतो, माती निपलच्या तोंडावर वाळून बसते. न पुसता गन लावली की ती मातीच छऱ्याच्या आत ढकलली जाते.

दुसरं, उघडा डबा. ग्रीसच्या डब्याचं झाकण कधीच हरवलेलं असतं. मळणीचा भुसा, धूळ त्यात पडते. तेच ग्रीस गनमध्ये, तिथून निपलमध्ये.

तिसरं, उभी मशीन. हडंबा सुगी संपली की दहा महिने बाभळीखाली उभा. ग्रीस म्हणजे तेल आणि साबणाचं मिश्रण. दिवस गेले की त्यातलं तेल सुटून जातं आणि साबण मागं राहतो, मेणासारखा कडक. नळी तिथंच बंद.

चौथं, दोन जातींचं ग्रीस एकात एक. लिथियमचं आणि कॅल्शियमचं ग्रीस मिसळलं की कधी ते पातळ होऊन वाहून जातं, कधी घट्ट होतं. दुकानदार देईल ते घेण्यापेक्षा डब्यावरचं नाव वाचावं आणि एकच जात धरून राहावं.

आधी दोषी कोण ते शोधा

ग्रीस आत जात नाही म्हटलं की लोक लगेच निपलला ठोकायला लागतात. थांबा. दोषी तिघांपैकी कुणीही असू शकतो : गन, निपल किंवा आतली वाट.

गन आधी तपासा. तीच गन दुसऱ्या चालू निपलला लावा. तिथंही जात नसेल तर गनमध्ये हवा अडकलीय, नाहीतर गनच्या तोंडाचे दात झिजलेत. दात झिजले की गन निपलला घट्ट धरत नाही आणि ग्रीस बाजूनं निघतं. पुष्कळदा गनचं तोंड बदललं की काम होतं.

गन चांगली निघाली तर मशीन पूर्ण बंद करून निपलच्या भोवतीची माती नीट पुसा आणि पान्यानं निपल काढा. काढलेलं निपल गनला लावून हळू दांडा दाबा. आरपार ग्रीस निघालं तर निपल चांगलं आहे, आतली वाट बुजलीय. निघालं नाही तर निपल बुजलंय. एवढ्या एका तपासणीत अर्धं काम होतं.

उघडायचं कसं?

निपल बुजलं असेल तर डिझेलमध्ये तासभर भिजत घाला. बारीक टाचणीनं किंवा तारेनं छर्रा हळू दाबून बघा. दाबला की आत जाऊन परत वर यायला पाहिजे. येत नसेल तर नाद सोडा आणि नवीन बसवा. जुनं निपल खिशात घालूनच दुकानात जा, कारण आट्यांची मापं वेगवेगळी असतात. चुकीच्या मापाचं बळजबरीनं कसलं की भोकाचे आटे जातात आणि दहा रुपयांचं काम लेथवर जातं.

वाट बुजली असेल तर निपल काढलेल्या भोकात मऊ तार फिरवून कडक ग्रीस जेवढं निघेल तेवढं काढा. मग थोडं डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी निपल बसवून हळूहळू गन मारा. मारताना सांधा हातानं हलवत राहा. पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडून घ्या आणि क्रॉस इकडं-तिकडं फिरवा. पुढच्या एक्सलला ग्रीस घेत नसेल तर जॅक लावून वजन उचला आणि खाली लाकडी ठोकळा द्या. वजन पडलेल्या बाजूला ग्रीसला जागाच नसते. वजन उचलल्यावर पुष्कळदा लगेच वाट मिळते.

क्रॉसला चार टोप्या असतात. चारही टोप्यांच्या कडेनं नवीन ग्रीस दिसेपर्यंत काम झालं म्हणू नका. आधी काळं निघेल, पाणी गेलं असेल तर तांबडं निघेल. ते सगळं बाहेर पडून स्वच्छ ग्रीस यायला पाहिजे. डिझेल वापरलं असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण आत राहिलेलं डिझेल नव्या ग्रीसला पातळ करतं.

ड्रमच्या बेरिंगचं मात्र उलटं. तिथं दोन-तीन पंप पुरे. जास्त भरलं की सील फुटतं आणि बेरिंग तापते.

गन निपलला अडकून बसली तर ओढू नका. गनचं तोंड थोडं आडवं कलतं करा, दाब सुटतो आणि ते निघतं.

तीन गोष्टी करूच नका. गॅस किंवा टेंभा लावून निपल तापवू नका. ग्रीस पेट घेतं, सील वितळतं, आणि कोंडलेला दाब सुटून गरम ग्रीस अंगावर येतं. तुटलेल्या निपलच्या जागी बोल्ट मारून भोक बंद करू नका. तो सांधा मग एका हंगामात संपतो. आणि मशीन धुतल्यावर ग्रीस न करता उभी करू नका. पंपाच्या पाण्याचा जोर बेरिंगपर्यंत जातो.

इथं जिवाशी खेळ आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. दस्तीचं टोक, लुगड्याचा पदर, सैल बाही त्यात गेली की माणसाला ओरडायला वेळ मिळत नाही. "मशीन चालूच ठेव, मी हळूच गन लावतो" असं म्हणणारे आपल्यातच आहेत. ट्रॅक्टर बंद, चावी आपल्या खिशात, मगच गन हातात. हा नियम घरातल्या पोरांनाही घालून द्या.

दुसरा धोका लोकांना माहीतच नाही. हातानं दाबायच्या गनमध्येही शेकडो किलोचा दाब तयार होतो. बुजलेल्या निपलवर जोर लावताना नळी फाटली किंवा तोंड निसटलं तर ग्रीसची बारीक धार कातडीतून आत घुसते. बोटाला टाचणी टोचल्यासारखं बारीक छिद्र दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही. माणूस हळद लावून, चिंधी बांधून कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो. आत गेलेलं ग्रीस मांस नासवतं आणि उशीर झाला तर बोट काढावं लागतं. असं झालं तर दाबून काढत बसू नका, शेकू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टरला "टोचलं" असं सांगू नका. "दाबाची ग्रीस आत गेली" असं स्पष्ट सांगा. गन मारताना नळी हातात धरू नका, आणि ग्रीस कुठून गळतंय ते बोटानं चाचपू नका.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. मशीनवर काम करणारं भूमिहीन पोरगं तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी 1983 चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. त्यात मळणी यंत्रावर इजा झालेल्या मजुराच्या भरपाईची तरतूद आहे. पण गावात किती जणांनी या कायद्याचं नाव ऐकलंय? मशीनच्या मालकांनी तरी ऐकलं पाहिजे.

करायचं काय?

सरकारच्या हातात एक सोपी गोष्ट आहे, तिला पैसाही लागत नाही. मोका तपासणीला येणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यानं फोटो काढण्याआधी एकच म्हणावं, "मालक, ग्रीसगन आणा आणि या मशीनची सगळी निपलं दाखवा." दाखवता आली नाहीत तर विक्रेत्याला बोलावून त्याच्याकडून शिकवून घ्यावं. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं कृषी विद्यापीठ हे दोन्ही आपल्या आवाक्यात आहेत. खरीप-रब्बीच्या आधी मंडळाच्या एखाद्या गावात एक दिवसाचं प्रात्यक्षिक घेतलं, तर निम्मी मशीन सुगीत उभ्या राहणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

पण सरकारची वाट बघत सुगी थांबत नाही. आपल्या हातातलं आपण करू.

मशीन मालकानं ऑपरेटरची रोजी ठरवताना ग्रीसिंगची पंधरा मिनिटं धरूनच ठरवावी. त्याचे पैसे कापू नयेत. ज्याची गंजी आहे त्यानं मशीन रानात आल्याबरोबर आधी चहा सांगावा आणि चहा होईपर्यंत ग्रीसिंग करून घ्यावं. गंजी बदलली की ग्रीसिंग, अशी सवय लागली पाहिजे. पीटीओच्या क्रॉसला 8 ते 10 तासांनी ग्रीस पाहिजे, असं बहुतेक मशीनच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. दिवसभरात तेवढे तास होतातच.

अवजार बँकेनं एक वही घालावी. मशीन कुणी नेली, किती तास चालली, परत देताना ग्रीस केलं का, आणि सही. सही असली की जबाबदारी येते.

आणि हंगाम संपला की मशीन उभी करायच्या आधी सगळ्या निपलांना भरपूर ग्रीस द्यावं. निपलच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी मिळते, ती बसवावी. टोपी नसेल तर थोडं ग्रीस थापून वरून चिंधी बांधावी. पुढच्या दसऱ्याला ती सोडायची, पुसायची, गन लावायची.

माझ्या गंजीवरची मशीन यंदा परवा येणार आहे. ऑपरेटर तोच आहे. त्याला फोनवर सांगून ठेवलंय, "दादा, आधी चहा घेऊ. तोवर चावी माझ्याकडं राहील."